स्टिअरिंग काढण्याचा ठराव

गाळप बंद पडलं की साखर कारखान्यात दोन गोष्टी साचतात: मशिनवर गंज आणि माणसांजवळ किस्से. आमच्याकडं दुष्काळानं ऊसच राहिला नव्हता. मी वर्कशॉपमधला फिटर. हाताला काम नाही, तोंडाला भरपूर. त्यातला एका स्टिअरिंगचा तेवढा सांगतो. सगळेच सांगत बसलो तर तुमची दिंद्रुडची एसटी चुकेल आणि शिव्या मला पडतील.

*

कारखान्याचे संस्थापक दादा. त्यांची जुनी विलायती मोटार होती. तिच्यातूनच ते गावोगाव फिरले, शेअर गोळा केले, तेव्हा कुठं चिमणी उभी राहिली. दादा गेले आणि मोटार शेडमध्ये गंजत पडली. नव्या चेअरमनना त्या शेडमध्ये छावणीचा चारा ठेवायचा होता. म्हणाले, "भंगारात काढा."

दुसऱ्या दिवशी दादांचे जुने ड्रायव्हर गफूरचाचा काठी टेकत ऑफिसात हजर. "साहेब, दादांना जबान दिलेली हाय. गाडी भंगारात जाऊ देनार न्हाई."

चेअरमनना म्हाताऱ्याला नाही म्हणवेना. त्यांनी अट घातली, "वार्षिक सभेला गाडी सोताच्या ताकदीवर मांडवापर्यंत आली तर ठेवू. न्हाई आली तर त्याच दिवशी भंगारवाल्याचा ट्रक." त्यांना वाटलं, म्हातारं गप बसेल.

चाचा तिथून थेट आमच्याकडं आले. "दीड महिना हाय," म्हणाले. "काढा पाने."

*

इंजिननं फार छळलं नाही. छळलं स्टिअरिंगनं. ते वळतच नव्हतं. खालचा गिअरबॉक्स जाम. तो काढायचा तर आधी वरचं स्टिअरिंग उतरवायला पाहिजे.

आणि चेअरमन तर ठरावाशिवाय साधा पंखा खोलू देत नसत! दुष्काळात कारखान्यावर बोट ठेवायला सगळे टपलेले, म्हणून ही खबरदारी. झालं, बोर्ड बसलं. विषय: 'जुन्या मोटारीचे स्टिअरिंग काढणेबाबत'. एका संचालकांनी विचारलं, "काढून ठेवनार कुठं?" त्यावर चहाचे दोन राऊंड झाले. मग एक सूचक, एक अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.

आमचे फोरमन पांडूनाना. त्यांनी ठरावाची नक्कल मोटारीच्या काचेवर चिकटवली आणि स्टिअरिंगला म्हणाले, "मंजुरी आली बाबा. आता नीघ."

निघतंय कशाला!

*

चाचांनी आधी चंचीतला चुना बोटावर घेऊन स्टिअरिंगवर आणि त्याच्या खालच्या दांड्यावर एक रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना वाकडं बसू नये. मग आम्ही रॉकेल पाजलं, ओढून काढायचा पुलर लावून आवळला, घाम गाळला. चार दिवस गेले. स्टिअरिंग जागचं हललं नाही.

बाहेर मैदानात चारा छावणी. जनावरं सांभाळत बसलेल्या लोकांना बघायला आयती करमणूक मिळाली. एकजण म्हणाला, "करडीचं तेल सोडा." दुसरा म्हणाला, "बैलजोडी जुपा की. माझे बैल बसूनच हायेत." नाना हातोडी घेऊन त्याच्या मागं धावले.

एक म्हातारा मेंढपाळ मात्र दोन दिवस नुसता बघत बसला होता. तिसऱ्या दिवशी उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "लेकराहो, खुंटा वढून निघत न्हाई. हालवून निघतो." आणि गेला निघून.

नानांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याला आधी कामून इचारलं न्हाई बे आपुन?"

*

मग पुलरचा ताण ठेवायचा आणि चहूबाजूंनी हलकं ठोकायचं, असं सुरू केलं. नानांची ताकीद होती, "मधला नट सगळा काढू नको. चार आटे ऱ्हाऊ दे. सुटलं की तोंडावर येतं ते."

मी तेव्हा लई शहाणा. सहाव्या दिवशी डोकं फिरलं. नट काढून फेकला, पुलर बाजूला केला, डॅशबोर्डला पाय लावले आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवून ओढलं. सुटलं! हा पुढचा दात दिसतो ना, तो खोटा आहे.

मी तोंड धरून खाली बसलेलो, रक्त येतंय. नाना पळत आले. स्टिअरिंग उचललं, चारी बाजूंनी फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला काय झालं न्हाई ना?"

*

गिअरबॉक्स दुरुस्त झाला. सभेच्या आदल्या दिवशी इंजिन पहिल्या झटक्यात चालू. आता स्टिअरिंग बसवायचं, तेवढ्यात हेडक्लार्क फाईल घेऊन आले.

"थांबा. काढण्याचा ठराव आहे. बसवण्याचा नाही."

"मग करा की!" नाना म्हणाले.

"पुढची बोर्ड मीटिंग सभेनंतर आहे."

नानांनी हातातला पाना आपटला. मला तर रडू यायचं बाकी होतं. दात घालवून बसलो होतो मी. म्हणालो, "चाचा, गुपचूप बसवू. कोन बघतंय?"

"चोरीनं न्हाई," चाचा म्हणाले. "दादांची गाडी हाय. कागदात हाय तेवढंच करू." आणि ऑफिसच्या फोनवरून त्यांनी अंबाजोगाईला काकूंना फोन लावला. काकू म्हणजे दादांच्या पत्नी. दादांचा शेअर त्यांच्या नावावर झालेला, म्हणून कारखान्याच्या सभासद नंबर एक.

*

सभेचा दिवस. मांडव गच्च भरलेला. फाटकाबाहेर भंगारवाल्याचा ट्रक उभा. चेअरमन माईकवर दुष्काळाचं सांगत होते, आणि मागून इंजिनचा आवाज आला.

मोटार येत होती. स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा, त्याला पाईप पाना आवळलेला, आणि तो पाना दोन्ही हातांनी धरून गफूरचाचा. वळताना त्यांच्या दंडाच्या शिरा दिसत होत्या. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं नाना चालत होतो. मागच्या सीटवर डोक्यावर पदर घेऊन काकू. त्यांच्या मांडीवर स्टिअरिंग.

मोटार स्टेजसमोर थांबली. काकू उतरल्या, पायऱ्या चढल्या आणि चेअरमनपुढच्या टेबलावर, प्रोसिडिंगच्या वहीवरच, स्टिअरिंग ठेवलं.

"हे बसवायचा ठराव मांडते," म्हणाल्या. "सूचक मी." मग मांडवाकडं वळल्या. "अनुमोदक कोन हाय?"

चेअरमननी मान वर करून बघितलं. अख्ख्या मांडवात दोनच हात खाली होते. चाचांचे. ते अजून पान्यावरच होते.