धाव चढवताना

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर, जुन्या शेतीयंत्रांची लाकडी चाकं दुरुस्त करतात. करतात म्हणजे करायचे. माणूस घुमा, हट्टी, आणि कामात इतका काटेकोर की शेजारीपाजारी त्यांना ‘मिलिमीटर’ म्हणायचे. लग्नात मला वाटलं होतं, ताई या ठोंब्याबरोबर दिवस कसे काढणार! तिने मजेत काढले. बोलायचं काम ती दोघांच्या वाटचं एकटीच करायची.

चाक लाकडाचं असलं, तरी त्याला आवळून धरते ती बाहेरची लोखंडी धाव. ती चाकापेक्षा जराशी लहान करायची, जाळात लाल होऊन फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची. लाकूड भडकतं. भावोजी भोवती फिरत हातोडा घालायचे आणि ताई मागोमाग झारीने पाणी ओतत जायची. पाणी पडलं की लोखंड आक्रसतं, सगळे आरे कडकड आवाज करत घट्ट होतात. पाण्याची घाई केली तर धाव वाकडी बसते आणि उशीर केला तर चाकाचा कोळसा होतो. ती वेळ ताई ठरवायची, धुराच्या वासावरून. “अहो, सरका,” एवढंच म्हणायची आणि हे सरकायचे. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून हा माणूस जागचा हललेला मी तरी पाहिला नाही.

मग ताईला विसर पडायला लागला. आधी गॅसवरचं दूध, मग घराचा रस्ता, मग आम्ही. मी तिच्याकडे राहायलाच आले, तर मला ती ‘बाई’ म्हणायची आणि नवऱ्याला ‘मिस्त्री’. “मिस्त्री, काम झालं असेल तर निघा, घरात पुरुषमाणूस नाही,” असं एकदा तिने त्यांना बजावलं. मी हसले. हसू नाहीतर काय करू? नंतर न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले, तेही सांगते.

पण धाव चढवायच्या दिवशी वेगळंच व्हायचं. जाळ दिसला की ताई उठायची, बाह्या वर सारायची, झारी भरायची. धुराचा वास बदलला की नेमकं तेच, “अहो, सरका.” पुढे थोडा वेळ ती आमची असायची. चहा टाकायची, माझ्या जाडीवरून मला टोमणा मारायची, नवऱ्याच्या कपाळावरची काजळी पुसायची. मग हळूहळू तिचे डोळे परके व्हायचे. तेवढ्या वेळासाठी भावोजी जगायला लागले होते.

आता अशी यंत्रं राहिलीत किती? गिऱ्हाईक एकच उरलं होतं, एक दंतवैद्य. त्याला जुन्या यंत्रांचा भारी नाद. लोकांचे हलणारे दात उपटायचा आणि खिळखिळी यंत्रं घरी आणायचा. त्याच्या मळणीयंत्राची चारी चाकं भावोजींनी नव्याने केली. काही महिन्यांत एक चाक ढिलं होऊन परत आलं. मग दुसरं. मला पटेना. यांच्या हातचं चाक आणि ढिलं? तिसरं आलं तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन बसले. भावोजींनी धावेचं माप घेतलं, पुन्हा एकदा तपासलं, आणि खूण मात्र नखभर पुढे केली. नखभर सैल.

माझं डोकंच फिरलं. जन्मभर कमावलेल्या नावाला काळं फासताय, त्या भल्या माणसाला फसवताय, लाज वाटत नाही का, असं तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“घट्ट बसलं, तर परत कशाला येईल?” ते म्हणाले.



शेवटी दंतवैद्य कंटाळला. भांडला नाही बिचारा. यंत्राला रबरी टायर लावून घेतले आणि काढलेली चाकं आमच्या अंगणात टाकून गेला. त्यातलंच एक घेऊन भावोजी बसले. धाव उतरवायची, तापवायची, पुन्हा चढवायची. ना गिऱ्हाईक, ना यंत्र. दर खेपेला लाकूड जळून चाक थोडं बारीक व्हायचं, मग धाव कापून, जोडून तेवढी लहान करायची. वेडेपणाच होता. पण “अहो, सरका” कानावर पडायचं, म्हणून सरपण मीच आणून द्यायला लागले.

गेल्या आठवड्यात असाच जाळ केला. ताई उठली, झारी भरून उभी राहिली. धाव बसली, लाकूड पेटलं, भावोजी हातोडा घालत एक फेरी फिरले, दुसरी फिरले. धुराचा वास आता मलासुद्धा कळत होता. ताई नुसती बघत होती.

“मिस्त्री,” ती अदबीने म्हणाली, “चाक जळतंय. तुमच्याकडे पाणी ओतायला कुणी नाही का?”

हातोडा थांबला. मी झारी घ्यायला धावले, तर भावोजींनी मला हात आडवा घातला.

“आहे की,” ते तिला म्हणाले. “येईल आता.”

“बरं. मग ती येईपर्यंत थांबते मी,” ताई म्हणाली, आणि भरलेली झारी धरून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

चाक पुरतं जळून धाव जमिनीला टेकेपर्यंत दोघं तशीच उभी होती.