बोटभर जागा

एक्सल बदललेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी फुलकाट काका तिच्यात माणसं भरत. मालाडच्या आमच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं आणि तिथून जाणाऱ्या कुणाचीही सुटका नव्हती. बँकेतून दमून येणारी मी, शेजारचे जाडजूड सावंत, इस्त्रीवाला, सगळे आत. मग स्टेअरिंगवर बसलेल्याला हुकूम सुटे, "फुल काट." स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळलं की काका गुडघे टेकून चाकामागे हात घालत. त्या हुकमावरूनच त्यांचं नाव पडलं.

कारण विचारलं की आधी डाफरत, मग सांगत. जॅकवर चाक लोंबकळत असतं तेव्हा एक्सलभोवती, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याभोवती, ऐसपैस जागा दिसते. गाडी माणसांनी दबली आणि चाक वळलं की ब्रेकचा रबरी पाइप एक्सलजवळ सरकतो. मध्ये बोट गेलं पाहिजे. नाही गेलं, तर फिरता एक्सल तो पाइप रोज थोडा थोडा खातो आणि एक दिवस पाय ब्रेकवर असतो, पण ब्रेक नसतो. "गाडयेत माणसां बसल्याबगर गाडी खरा बोलणा नाय," असं म्हणताना ते आमच्याकडे असे बघत, की आपणच काहीतरी लपवतोय असं वाटे.

माणूस भारी तिरसट. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजून मुद्दाम जास्त वेळ बसवत. मधुमेह असूनही स्वतःच्या चहात साखर घालत, काकी ओरडल्या की बहिऱ्याचं सोंग घेत. मला ते फार आवडत. वडील गेल्यावर माझ्यावर हक्कानं डाफरणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

एकदा ते गरम सायलेन्सरवर हात टेकून माझ्याशी निवांत बोलत राहिले. मीच तो हात ओढला. तळवा भाजून सोलवटला होता. त्याकडे त्यांनी दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं आणि काकींना सांगू नकोस म्हणाले.

पुढे माझ्याच गाडीचा एक्सल बदलला. गाडी भरली, चाक वळलं, काकांनी हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढलाच नाही. मग मला खाली उतरवून हळूच म्हणाले, "बाय, तू घाल बोट."

माझं बोट आत जाईना.

"लागता?"

"लागतंय, काका."

"माका कळणा नाय," ते म्हणाले आणि जुन्या टायरवर बसले. बोटांना कधीपासून कळत नाही, हे त्यांनाही सांगता येईना. तोवर किती गाड्या त्यांनी पास करून सोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवं काम घेतलं नाही. आठवून आठवून जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. लोक कुरकुरत आले. माणसं भरायची, फुल काट, आणि बोट माझं. एका गाडीचा पाइप घासून आतले धागे दिसायला लागले होते. काकांनी चष्मा लावून तो पाहिला आणि बदलला.

सगळ्या आल्या, एक सोडून. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी पांढरी गाडी. चालकाचा फोन लागेना. तो कुर्ल्याकडे राहायला गेला म्हणे, पण पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. मग काका सकाळ-दुपार एकेका शाळेसमोर उभे राहून, वाकून पुढची चाकं बघू लागले. वॉचमन हाकलत. आया आपल्या पोरांना जवळ ओढून घेत. त्या पायपिटीत पायाला जखम झाली, तीही त्यांना कळली नाही. कळली तेव्हा जखम सडली होती.

हॉस्पिटलात मी बँकेतून थेट गेले होते. काकांचा आवाज खोल गेलेला. "गावली काय गो गाडी?"

"गावली," मी म्हणाले. "मुलांना बसवूनच बघितलं. बोट गेलं, काका."

"खयचा? दाखव बघया."

मी हात पुढे केला. बोट स्वच्छ होतं. चाकामागे जाऊन आलेल्या बोटाचं काळं दोन-दोन दिवस निघत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी ते बोट मुठीत धरलं. धरल्याचं त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे. "शोध गो," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. पहाटे ते गेले.

आता शाळा सुटायच्या वेळी मी रजा टाकून उभी राहते. पांढऱ्या गाड्या पुष्कळ येतात, मुलांनी खच्चून भरलेल्या.