चुंबक कोणी लावलं

माझ्या नवऱ्याला पाच मिनिटं एका खुर्चीत बसवून दाखवा, मी तुम्हाला घरच्या सुकेळ्यांचा, वाळवलेल्या केळ्यांचा डबा देते. चौतीस वर्षं संसार केला, मला जमलेलं नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेला तरी हा मागे दारापाशी उभा, एक पाय बाहेर. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हललाय.

नाव कॉन्रॅड. घर नंदाखालला, मागे नारळ-केळीची वाडी. वीस वर्षं मस्कतला नोकरी केली, वाळवंटात सर्व्हेवाल्यांची गाडी चालवायची. तिथल्या एका साहेबाने निघताना त्याच्या हातात आवळ्याएवढा काळा दगड ठेवला आणि सांगितलं, हा आकाशातून पडलाय. झालं! लोक आखातातून सोनं आणतात, माझ्याकडे दगड आला.

परत आल्यावर तो त्याच दगडांचा व्यापारी झाला. हसू नका, असा धंदा खरंच असतो. मोरोक्को, पोलंड, अर्जेंटिना, कुठली कुठली माणसं एकमेकांना उल्कापाषाण विकतात, नाहीतर अदलाबदल करतात. बोरं बदलायची पोरं असतात ना, तशी ही पिकल्या केसांची माणसं. कुरियरवाला यायच्या दिवशी कॉन्रॅड सकाळपासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालतो. आमच्या खारट हवेत लोखंडी दगडांना घाम फुटतो, त्याचा तांबडा डाग घरातल्या देवाच्या आल्तारवरच्या माझ्या लेसवर पडला तेव्हा आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते. पण धंद्यात माणूस चोख. प्रत्येक दगडाबरोबर एक कार्ड जातं: कुठे पडला, कोणाला मिळाला, पुढे त्याचं काय काय झालं. लांबचं गिऱ्हाईक कार्ड लिहिणाऱ्यावरच विश्वास ठेवतं. कॉन्रॅड गंजाचा ठिपकासुद्धा लपवत नाही, म्हणून त्याला नाव आहे.

त्याला एकच रुखरुख होती. असा दगड ज्या गावात पडतो त्या गावाचं नाव त्याला कायमचं मिळतं. जगातल्या कुठल्या कुठल्या खेड्यांची नावं उल्कापाषाणांच्या जागतिक यादीत आहेत. ‘आपलं नंदाखाल का नाही?’ असं तो मला विचारायचा, जसं काही मीच ते नाव खोडलंय.

मग काय, कॉन्रॅड काळे दगड शोधतोय अशी पंचक्रोशीत बातमी पसरली. ज्याला काळा दगड दिसेल तो आमच्या ओट्यावर हजर. रिक्षावाले आले, शाळेच्या बाई आल्या, माणिकपूरहून एक वकीलसाहेब तर गाडीच्या डिकीत पोतं भरून घेऊन आले. सगळा भट्टीतला टाकाऊ मळ, नाहीतर रस्त्याची खडी. म्हणून कॉन्रॅडने जुन्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमधून एक चुंबक काढून खिशात ठेवलं होतं. बोटाच्या पेराएवढं, पण एकदा चिकटलं की सोडवताना नख तुटेल असं. दगड आला की आधी चुंबक. नाही चिकटलं तर नमस्कार, या आता. चिकटलं तरच तो भिंग काढायचा.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी पलीकडचा स्टीवन वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून आला. मी ओट्यावर केळी सोलत होते. कॉन्रॅड दुसऱ्या कोणाशी फोनवर बोलत होता, फोन कानाला तसाच. पुडी उघडली, काळा दगड, मुठीएवढा, एका बाजूने जाड, दुसरीकडे निमुळता. ह्याचा हात खिशात गेला आणि चुंबक जाड बाजूला टक्कन बसलं.

“काल दुपारी वाडीतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा पत्रा फुटला,” स्टीवन म्हणाला. “मला वाटलं नारळ पडला. आत बघतो तर हा.”

कॉन्रॅडने फोन खाली ठेवला. चुंबक ओढून काढलं. पडताना जळून दगडावर धरलेली काळी साय बोटाने चाचपली आणि ओट्याच्या पायरीवर बसला. माझा नवरा, स्वतःहून बसला! मी सुरी खाली ठेवली.

“जॉयस, मी काय करून बसलो,” तो म्हणाला.

मला काही कळेना. खरा दगड मिळाला, गावातच पडलाय, आणि ह्याचं तोंड मयताला आल्यासारखं. मग त्याने सांगितलं. अशा दगडात लोखंडाचे कण असतात. दगड जन्मला तेव्हाच्या चुंबकाची खूण त्या कणांत राहिलेली असते, साडेचार अब्ज वर्षं. प्रयोगशाळेत ती वाचता येते. पण जबरदस्त चुंबक लावलं की जुनी खूण पुसते, वर नवीन बसते, कॅसेटवर दुसरं गाणं भरावं तशी. ताज्या दगडाला चुंबक लावू नका म्हणून हाच जगभरच्या लोकांना व्हॉट्सॲपवर दटावत असतो. आणि हाताला इतक्या वर्षांची सवय.

“दोन सेकंद तर लावलंस,” मी म्हटलं.

“दोन सेकंद पुष्कळ झाले.”

आपल्याकडे पडलेला दगड विकायचा नसतो, सरकारला कळवायचा असतो. कॉन्रॅडने त्याच दिवशी कळवलं. शनिवारी सरकारी प्रयोगशाळेतून उन्नती नावाची मुलगी आली. तिशीची असेल, चुणचुणीत. स्टीवनकडचा फुटका पत्रा बघून आली, हातमोजे घालून दगड उचलला आणि पहिला प्रश्न तोच: “काका, चुंबक कोणी लावलं नाही ना?”

कॉन्रॅडने तोंड उघडलं. ज्या मुलीने त्याची दगडांची कार्डं वाचून आल्याआल्या ‘तुम्हाला भेटायचंच होतं’ म्हटलं, तिच्यापुढे हा उभा. मला बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी लावलं, बाई. फ्रिजवरचं. वेलंकनीच्या यात्रेहून आणलेलं आहे ना, ते.”

उन्नती हसली. “काकी, वाचवलंत. फ्रिजचं असेल तर फार आत जात नाही. जाड भागाच्या पोटातून तुकडा घेईन. सोमवारी सकाळीच कापते.”

कॉन्रॅडने दगड नीट बांधून तिच्या हातात दिला. तिला रिक्षात बसवून आला तरी गप्प.

रविवारचा दिवस मी विसरणार नाही. मिस्सा झाल्यावर हा चालत आगाशीला गेला, आला, पुन्हा निघाला. वाडीला पाणी सोडलं आणि बंद करायचं विसरला, केळीत तळं झालं. ताटावर बसला, उठला. शेवटी मीच ओरडले, “बस की मेल्या एका जागी! तुझ्यासाठीच बोलले ना मी?”

“म्हणूनच बसवत नाही,” तो म्हणाला. “उद्या ती जाड बाजूने कापणार. मी तिथेच लावलं होतं. माझ्या चुंबकाची खूण ती जुनी म्हणून वाचेल, आणि छापेल.”

“मग सांगून टाक.”

“तू खोटारडी ठरशील.”

“आणि तू?”

खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग आला. शनिवारी तो गप्प राहिला होता तो माझ्या अब्रूसाठी नव्हे. त्याला ते सोयीचं पडलं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या पदराआड लपला होता, आणि पदर मीच पुढे केला होता. मी फोन आणून त्याच्यासमोर आपटला.

त्याने स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. उभ्याउभ्याच बोलला. “उन्नती, जॉयसने नाही लावलं. मी लावलं. हार्डडिस्कचं. जाड बाजूला, मधोमध. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी ऐकून घेतलं.”

मग ती म्हणाली, “निमुळत्या टोकाला लागलं होतं?”

“नाही.”

“ठीक आहे. मी त्या टोकाकडून घेते.” आणि फोन ठेवला. ना काका, ना काकी.

पुढचे दोन महिने कसे गेले विचारू नका. कुरियरकडे त्याचं लक्ष नाही, दगडांकडे नाही. फोन वाजला की दोघंही धावायचो. एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. टोकाकडचंही पुसलं होतं. दगड लहान, चुंबक फार जोरदार.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं नसतं तर मी जाड भागातली खूण खरी धरून लेख लिहिला असता. माझा पहिला मोठा लेख.”

यादीत नाव मात्र आलं. नंदाखाल. फादरनी मिस्सेनंतर सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, स्टीवनने फुटक्या पत्र्याचा फोटो सगळ्यांना दाखवला. कॉन्रॅड दारापाशी उभा होता, केव्हा निघून गेला कळलंच नाही.

घरी येऊन मी उन्नतीने पाठवलेला यादीतल्या नोंदीचा कागद उघडला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: कॉन्रॅड यांनी शक्तिशाली चुंबक लावल्यामुळे दगडाची मूळ चुंबकीय नोंद नष्ट झाली. जगभरची त्याची गिऱ्हाइकं आता हेच वाचणार. मी तणतणत वाडीत त्याच्याकडे गेले, म्हटलं, हिला फोन करते, हे असं लिहायचं काय कारण?

“मीच लिहायला सांगितलं,” तो म्हणाला. “तिच्या पहिल्या मसुद्यात ‘घरातल्या कोणीतरी’ असं होतं.”