मुर्रीवालीची सीट

मायनं खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला. शेजारच्या बाईनं आपला हात झटक्यात ओढून घेतला. पर्स उघडली. ओला कागदी रुमाल काढला. दांडी पुसली. वरून, बाजूनं, खालून. सावकाश. आणि पुसून झाल्यावर तो रुमाल तिनं मायपुढं धरला.

मायनं घेतला.

काही विचारलं नाही, काही बोलली नाही. हात आपोआप पुढं गेला. तिचाच विटाळ पुसलेला रुमाल तिनं मुठीत धरला. विमानात कचरा कुठं टाकतात ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून धरून बसली.

मी एक ओळ मागं होते, मधल्या वाटेच्या पलीकडं. मला सगळं दिसत होतं. विमान अजून हललं नव्हतं. माणसं वरच्या कप्प्यात बॅगा कोंबत होती.

माय पहिल्यांदा विमानात बसली होती. मी हैदराबादच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन माझ्याच दवाखान्यात करायचं ठरलं. रेल्वेनं नेलं असतं तर हाल झाले असते. तिला दिवसाही धड दिसत नव्हतं, डब्यात चढता-उतरता पडली असती. म्हणून विमान. सगळ्यात स्वस्त तिकिटाचं.

स्वस्त विमानाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. बाबा गेले तेव्हा आमच्या गोंदियाहून विमान नव्हतं. निरोप आला तशी मी रेल्वेनं निघाले. गावी, मुर्रीला पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. अंगणात फक्त खुर्च्या होत्या. पुढं मायच्या छातीत दुखलं, तोवर विमान सुरू झालं होतं. दुपारी निघाले आणि चार वाजता तिच्या खाटेजवळ होते. माझ्यासारख्या बाईला हे कधी परवडलं असतं? परवडलं, कारण त्या विमानात काहीच फुकट नाही. पाणी विकत. गुडघे समोरच्या खुर्चीला लागतात. बॅग थोडी जास्त भरली की काउंटरवरची पोरगी मान हलवते.

त्या दिवशीही तिनं हलवली. मायनं चिन्नोरचे तांदूळ घेतले होते, लाखोळीची डाळ घेतली होती. सगळ्या लायनीसमोर आम्ही फरशीवर बसून बॅग उपसली. तांदूळ मी माझ्या पाठीवरच्या पिशवीत कोंबले. मायनं स्वेटर अंगात घातलं, त्यावर शाल घेतली. भर दुपारी. मागं कोणीतरी हसलं. ती काउंटरवरची पोरगी तिचं काम करत होती. तिच्यावर माझा राग नाही.

सीट निवडायची तर त्याचे वेगळे पैसे. मी निवडल्या नाहीत. मग मशीननं दिल्या तशा घेतल्या. मशीनला जात कळत नाही. त्यानं मायला नेऊन बसवलं शेठाणीच्या शेजारी.

शेठाणी म्हणजे गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याची बायको. माय तिच्या घरी अकरा वर्षं धुणी-भांडी, झाडू-पोछा करत होती. त्या अकरा वर्षांत शेठाणीनं मायला कधी नावानं हाक मारली नाही. मुर्रीहून येते म्हणून मुर्रीवाली. तिच्याआधी कामाला होती ती कामठेवाली.

आम्ही बौद्ध. आज्यानं दीक्षा घेतली, देव टाकले, घरातला विटाळ-चांडाळ टाकला. पण शेठाणीच्या घरी मागच्या दाराशी एक बारदाना घडी करून ठेवलेला असायचा. मायनं बसायचं तर त्या बारदान्यावर. मी शाळेला सुट्टी असली की मायबरोबर जायची. मग मीपण त्याच बारदान्यावर. माय भांडी घासायची, मी राख काढून द्यायची.

एका दिवाळीला शेठाणीच्या पोरीनं अर्धी खाऊन टाकलेली बालूशाही शेठाणीनं मला दिली. तिच्यावर दात उमटलेले होते. थुंकीनं एक कड ओली झाली होती. शेठाणी म्हणाली, "खा ले, घी की है।" मी मायकडं पाहिलं. माय खाली पाहत होती.

मी खाल्ली. आणि मला ती आवडली. तुपाची होती, गोड होती, मी बोटंही चाटली.

आज रोज मी माणसांचं सगळं काढते. ओकारी, पू, मळ. हातमोजे घालते, साफ करते, हात धुते, जेवते. मला त्याची किळस नाही. त्या चाटलेल्या बोटांची मात्र अजून येते.

तर विमान छोटं, वाटेच्या एका बाजूला दोनच सीटा, आणि शेठाणी खिडकीशी आधीच बसलेली होती. माय माझा हात धरून आली. मी तिला बसवलं. शेठाणीनं डोळे बारीक करून पाहिलं.

"अरे, मुर्रीवाली? तू? हवाई जहाज में?"

माय अर्धी उठली. हात जोडले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, आवाजानं ओळखलं तिनं. "हव बाई. पोरगी नेऊन राहिली. डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"टिकट किसने दिया?"

"पोरीनं."

शेठाणीनं माझ्याकडं पाहिलं. ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. माझ्या जागेवर जाऊन बसले. पट्टा लावला. आणि मग ते दांडी पुसणं झालं.

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. उठले नाही. खरं सांगते. पट्टा लावून बसून राहिले. जाऊ दे, तासाभराचा प्रवास आहे, मायला त्रास नको. असं मी आयुष्यभर स्वतःला सांगत आले. शाळेत, नर्सिंगच्या होस्टेलात, ड्युटीवर.

शेठाणीनं बटण दाबलं. हवाई सुंदरी आली. विशीतली पोरगी. शेठाणी तिला म्हणाली, आवाज खाली न आणता, "इनको पीछे बिठा दो। पीछे सीटें खाली हैं। बास आ रही है।"

वास येत होता, खरंच. डांबरगोळ्यांचा. मायनं पेटीतलं नवं लुगडं काढलं होतं विमानासाठी.

पुढच्या ओळीतला एक माणूस मान वळवून हसला. "टिकट सस्ता कर दिया ना। बस अड्डा बन गया है पूरा।"

त्याचंही तिकीट तेवढंच स्वस्त होतं. त्याचेही गुडघे समोरच्या खुर्चीला लागले होते.

ती पोरगी गोंधळली. मग मायजवळ वाकून म्हणाली, "आंटी, आप पीछे आ जाइए ना। आराम से बैठिए।"

"हव बाई," माय म्हणाली. एकदम. जशी वाटच पाहून राहिली होती. पट्टा तिला सोडता येईना. चाचपडायला लागली. एका हातात तो रुमाल, दुसऱ्या हातानं पट्टा ओढते. शेठाणीनं पाय आवरून घेतले, मायचं लुगडं लागू नये म्हणून.

माझ्या तोंडात थुंकी जमली. आत्ता ओकारी होईल असं वाटलं. शेठाणीची किळस, त्या हसणाऱ्या माणसाची किळस. आणि सगळ्यात जास्त माझी. कारण मायला त्या बारदान्यावर बसताना मी पाहिलं होतं, आणि आता मला महिन्याचा पगार होता, अंगावर चांगले कपडे होते, आणि तरी मी तेच पाहून राहिले होते.

मी पट्टा काढला. उठले.

"माय, बस."

"जाऊ दे वो पोरी. मागं बी तं विमानच आहे."

"माहीत आहे मले. तू बस."

मी हवाई सुंदरीला म्हणाले, "हिचा बोर्डिंग पास वाचा. मोठ्यानं."

"मैम, बस थोड़ा एडजस्ट..."

"वाचा."

मायच्या कमरेच्या पिशवीतून मी पास काढून तिच्या हातात दिला. तिनं वाचला. "मेश्राम, अनुसया। नौ सी।"

"ही सीट कोणती आहे?"

"नौ सी।"

"मग उठायचं कोणी? ज्याला त्रास आहे त्यानं. मागं सीटा खाली आहेत ना. यांना घेऊन जा."

शेठाणीचा चेहरा लाल झाला. "तू वही है ना, इसकी लड़की? हमारे घर का खा के बड़ी हुई, और जबान देखो।"

मी मायच्या मुठीतला रुमाल काढला. मूठ घट्ट होती, एकेक बोट सोडवावं लागलं. तो ओला गोळा मी शेठाणीच्या मांडीवर ठेवला. "ये आपका है।"

शूर-बीर काही वाटत नव्हतं. लघवीला लागली होती.

हवाई सुंदरीनं पास परत दिला. शेठाणीला म्हणाली, "मैम, आप पीछे बैठना चाहेंगी?" शेठाणी उठली नाही. खिडकी सोडायची नव्हती तिला. ओढणी नाकावर घेतली आणि बाहेर तोंड करून बसली. तो पुढचा माणूस मोबाईल पाहायला लागला. कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही. कोणी विरोधातही बोललं नाही. पाहत होते नुसते.

विमान सुटलं. ही धावपट्टी वाढवली तेव्हा मायनं इथं गिट्टी वाहिली होती, डोक्यावरून, भर उन्हात. त्याच पट्टीवरून ती उडाली आणि तिनं मान वर केली नाही. दोन्ही हात मांडीत घेऊन, सीटच्या अगदी कडेला बसली होती. पाठ टेकवली नाही. दांडीवर हात तर पुन्हा ठेवलाच नाही. हैदराबादपर्यंत.

मला वाटलं होतं, खाली उतरल्यावर माय काही तरी बोलेल. माझा हात दाबेल. विमानापासून इमारतीकडं नेणाऱ्या बसमध्ये ती बोलली.

"कायले केलं वो असं? चार लोकायत तमाशा. अकरा वरसं खाल्लं त्याईच्या घरचं."

"खाल्लं नाही माय. केलं. तू अकरा वरसं त्याईचं केलं. खाल्लं त्याईनं."

"तुले नाही समजत."

"मले समजते."

तिनं तोंड फिरवलं. बसचा दांडा तिला दिसत नव्हता, तरी माझा हात धरला नाही. चाचपडत दांडा शोधला आणि तोच धरला.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे चांगले आले. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं माझं तोंड नीट पाहिलं आणि म्हणाली, तू वाळली. दुसरं काही नाही. विमानाचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला लागते. घासलेलीच भांडी.

काल मी परतीचं विचारलं.

"रेलगाडीनं जाईन," ती म्हणाली. "तिथं खाली बसता येते."

सीट असताना खाली बसायचं. डोळे बरे झाले आणि हे आत तसंच. शेठाणीनं अकरा वर्षांत काय काय करून ठेवलं, ते दवाखान्यात काढता येत नाही.

दवाखान्यातल्या पोरी मला विचारतात, स्वस्त विमानानं जावं का? मी सांगते, जा. बॅग हलकी ठेवा, पाणी घरून भरून न्या, पाय आखडतील. आणि शेजारी कोण येईल ते सांगता येत नाही. तिकीट स्वस्त झाल्याचा शेठाणीसारख्यांना त्रास नाही, तेही तेच तिकीट शोधतात. आम्ही त्यांच्या बरोबरीच्या खुर्चीत बसलो, तिथं त्यांना वास येतो.

आज मी तिकिटं काढली. विमानाची. या वेळी सीट निवडून. मायला खिडकी. तिला अजून सांगितलं नाही. सांगितल्यावर ती चिडेल, जेवणार नाही, रेलगाडीचा हट्ट धरेल. धरू दे. शेजारी शेठाणी येऊ दे, नाहीतर तिच्यासारखं दुसरं कोणी येऊ दे. नाक झाकायचं असेल त्यांनी झाकावं. उतरायचं असेल त्यांनी उतरावं.

माय उठणार नाही. सवयीनं उठायला लागली, तर मी तिचा खांदा धरून खाली बसवीन. रडली तरी.