तुसातली थंडी

थंडी कशी कोंडून ठेवायची हे गोंदियाच्या माणसाला कुणी शिकवायला नको, असं माझं ठाम मत होतं. त्या मतापायी मी पाच रविवार घालवले. माझे गेले त्याचं काही नाही, मी एरवीही रविवारी कामाचा नसतो. पण ते रविवार माझे नव्हते, बाबांचे होते.

माझ्याकडे एक जुनी पांढरी अँबेसेडर आहे. बाबांनी सगळी नोकरी एका सरकारी खात्यात अशीच गाडी चालवण्यात काढली. साहेब मागे, बाबा पुढे. शेवटच्या काही वर्षांत गाडीला एसी आला, पण साहेब उतरले की तो बंद करायचा असा दंडक होता. म्हणून ही गाडी घेतली तेव्हा मी फुलचूरच्या आमच्या गल्लीत दारोदार सांगून आलो, की आता बाबा मागे बसणार, थंड हवेत, आणि गाडी मी चालवणार. न विचारता सांगितलेली गोष्ट माणसाला फार महाग पडते.

बाबांना गेल्या उन्हाळ्यात ऊन लागलं होतं. चार दिवस सलाईनवर होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हात प्रवास नाही. आणि इकडे सालेकशाकडच्या एका गावात त्यांची मोठी बहीण, माझी आत्याबाई, एप्रिलपासून खाटेला खिळलेली. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना कडेवर घेऊन वाढवलं ते हिनेच. एक दिवसाआड तिचा फोन यायचा.

"बाबू, येतं का नाही रे?"

ऐंशीचे बाबा फोनवर एकदम सात वर्षांचे व्हायचे. "येतो वं बाई. पोराची गाडी थंडी होऊन राहिली. झाली का निघतोच."

तासाभराचा रस्ता. बायको म्हणाली, "एसीची भाड्याची गाडी सांगा अन् आणा भेटवून." मी म्हणालो, "दारात गाडी उभी असताना भाड्याची? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोक आताही म्हणूनच राहिले."

एसीच्या मिस्त्रीने गाडी तपासली आणि निदान सांगितलं. "मशीन ठीक है, गैस ठीक है भैया. ठंडी हवा बन रही है, पहुँच नहीं रही." डॅशबोर्डखाली एक डबा असतो, त्यात हवा गार होते. तिथून समोरच्या जाळ्यांपर्यंत ती नेणाऱ्या नळ्या कागदी होत्या, तारेवर गुंडाळलेल्या. त्या हात लावला की पापडासारख्या मोडत होत्या. शिवाय इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यावरचा नमदा, म्हणजे धग अडवणारा लोकरीचा जाड थर, कुजून गेला होता, त्यामुळे इंजिनाची सगळी धग आत. मिस्त्री म्हणाला, नळ्या आणि नमदा दोन्ही नागपूरहून येतील, चार-पाच दिवसांत बसवून देतो.

इथे शहाणा माणूस "बरं" म्हणतो. मी धानाचा दलाल. माझा सगळा दिवस राईस मिलमध्ये जातो, आणि मिलच्या मागे तुसाचे डोंगर उभे असतात. रसवंतीवाला भर मे महिन्यात बर्फाची लादी त्याच तुसात पुरून संध्याकाळपर्यंत टिकवतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. जे बर्फाला चालतं ते गाडीला का नाही? नमदा नागपूरहून मागवायचा म्हणजे धानाच्या गावाचा अपमान!

"भैया, भूसा मत भरो," मिस्त्री म्हणाला. "गाड़ी है, गोदाम नहीं है."

मी त्याला घरी पाठवलं.

पहिला रविवार जुन्या नळ्या काढण्यात गेला. त्यासाठी पाठ सीटवर, पाय मागे आणि डोकं क्लचच्या पेडलखाली अशा आसनात झोपावं लागतं. एक स्क्रू काढायला दीड तास लागला. निघाला तो थेट माझ्या तोंडात पडला. दुसऱ्या रविवारी मी पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या, त्या वळणावर चपट्या झाल्या. पुन्हा केल्या, पुन्हा झाल्या. मग प्लॅस्टिकचा पाइप कापून बसवला आणि सांधे चिकटपट्टीने गुंडाळले. तिसऱ्या रविवारी बायकोच्या शिलाई मशीनवर जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या, त्यांत तूस भरलं, काही पिशव्या नळ्यांभोवती बांधल्या, काही पायाखाली अंथरल्या. मशीनची सुई दोनदा तुटली. बायकोने तिसरी सुई लपवून ठेवली, ती शोधण्यात दुपार गेली.

दर रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून पडवीत बसायचे. "काऊन रे, झाली का थंडी?" मी गाडीतून ओरडायचो, "होऊन राहिली!" दुपारी ते सदरा काढून खुंटीला टांगायचे. मला तो टांगलेला सदरा दिसायचा आणि त्याचा राग मी स्क्रूवर काढायचो.

एकदा ते येऊन वाकून पाहू लागले. त्या गार करणाऱ्या डब्यातून बोटाएवढी एक नळी खाली गाडीबाहेर जाते. मला वाटलं, इथूनच थंडी पळत असणार. म्हणून मी तिच्यात चिंधी कोंबत होतो.

"ते नळी कायले बंद करून राहिला?"

"थंडी जाते त्यातून."

"थंडी नाही जात, पानी जाते. डब्यात पानी सुटते ना बे."

"बाबा, तुमच्या गाड्या वेगळ्या होत्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं साहेबांचं ऐकलेला माणूस पोराचंही ऐकून घेतो. ते पडवीत जाऊन बसले.

चौथ्या रविवारी मी गाडी सुरू केली आणि गार हवा आली! खरोखरची गार. मी पूर्ण आठवडा मिलला जाता-येता एसी लावून हिंडलो, काचा बंद, मान ताठ. मिस्त्रीच्या दुकानासमोरून तीन वेळा गेलो. पाय जरा ओलसर वाटायचे, पण मी ते थंडीचंच लक्षण धरलं. गाडीत कुरकुर आवाज यायचा, तो मी जुन्या गाडीचा स्वभाव मानला.

पाचव्या रविवारी बाबा पांढऱ्या सदऱ्यात मागच्या सीटवर बसले, बरोबर साहेब बसायचे त्या जागी. आत्याबाईला फोन झाला होता. दहा वाजता आम्ही निघालो. आमगावच्या रस्त्याला लागल्यावर मी ऐटीत म्हटलं, "आता बघा," आणि पंखा शेवटच्या आकड्यावर नेला.

आधी खरखर झाली. मग समोरच्या तिन्ही जाळ्यांतून तुसाचे तीन फवारे सुटले. मला दिसेना, मी ब्रेक दाबला, गाडी कडेला एका पळसाखाली थांबली, पंखा मात्र फिरतच राहिला. बटण सापडेपर्यंत मी चेहऱ्यावर तूस झेलत होतो. मागे वळलो तर बाबा जागचे हलले नव्हते. भुवया, सदरा, सगळं पिवळं.

"काऊन रे," ते म्हणाले, "मळनी करून राहिला का?"

उतरून पायाखालच्या पिशव्यांवर टाकलेली सतरंजी उचलली. तुसात थोडे अख्खे धानही असतात, हे दलालाला माहीत असायला हवं. त्या धानासाठी उंदीर आले होते. त्यांनी पिशव्या कुरतडल्या होत्या आणि पंख्याने सुटं तूस खालून ओढून वर फेकलं होतं. जे तूस उडालं नाही ते भिजलेलं होतं, कारण पाण्याला मी बाहेरची वाट ठेवलीच नव्हती. आणि त्या ओल्या तुसातून, क्लचच्या पेडलच्या बाजूला, धानाचे दोन बोटं उंचीचे हिरवे कोंब आले होते.

लावणीची रोपं पारखावीत तसे बाबा वाकून पाहू लागले. "पऱ्हे चांगले आहेत," म्हणाले. "रोवनी कवा?"

मी चिडलो. कोणावर, ते सांगता येत नाही. बायकोला फोन लावला आणि काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कुठपर्यंत पोचलात? भाड्याची गाडी निघाली आहे, मीही आहे तिच्यात." तिने ती आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. माझ्यावर तिचा केवढा विश्वास होता बघा.

पंधरा मिनिटांत ती चकचकीत गाडी आली. बाबा सदरा झटकून तिच्यात बसले. मी सगळ्या काचा उघड्या टाकून मागून निघालो. पुढची गाडी बंद काचांत सुरळीत चालली होती आणि माझ्या कानांत, नाकात उन्हाच्या झळा शिरत होत्या. वाटेत मी मोजत होतो. आमगाव आलं, गेलं. सालेकसा आलं. एक तासही लागला नाही. एवढ्यासाठी आत्याबाई महिनाभर दाराकडे डोळे लावून पडली होती, आणि मी पिशव्या शिवत होतो.

मी पोहोचलो तेव्हा बाबा तिच्या खाटेवर बसले होते. ती फार वाळली होती. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो. कबुली द्यायची तर हीच वेळ, असं ठरवून मी घसा खाकरला.

"एवढे दिस कायले लावले रे बाबू?" तिने विचारलं. आवाज फोनवरच्यापेक्षा पुष्कळ बारीक झाला होता. "पोराची गाडी बिघडली होती का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"गाडी तं कवाचीच तयार होती वं बाई," ते म्हणाले. "माहाच जीव होत नव्हता उन्हात निघायले."

"तू लहानपनापासून आळशीच," आत्याबाई म्हणाली, आणि त्यांच्या हातावर एक चापट मारली. तिच्यात तेवढीच ताकद होती.

आतून कुणीतरी मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी उभ्यानेच तो घशात ओतला, संपला तरी तोंडाला लावून ठेवला.