आतून लागणारी कडी

मी देवळाबाहेर चपला राखणारा माणूस. कुणी मला तसं नेमलं नव्हतं, पण लग्नाला तीस वर्षं होऊन गेली आणि आमच्यात ते ठरूनच गेलं होतं. शालिनीने आत जायचं, देवीसमोर जितका वेळ लागेल तितका घ्यायचा, आणि मी दीपमाळेच्या कट्ट्यावर दोघांच्या चपला पायाशी ठेवून बसायचं. देवावर माझा राग नव्हता. शिरगावच्या बाजूला एका खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून माझा जन्म गेला. मोडलं ते दुरुस्त करायचं, दुरुस्त होत नसेल तर नवं बसवायचं, आणि या सगळ्यात देवाने हात घालावा अशी जागा मला कुठे दिसली नव्हती. खाण बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये मी जीपवाल्यांची कामं घेऊ लागलो. हल्ली हौशी मंडळी जीप घेऊन रानात मुक्कामाला जातात. त्यांना गाडीच्या मागून सरकत बाहेर येणारं स्वयंपाकघर लागतं, बाजूला उलगडणारी ताडपत्री लागते, मागे जोडायला ट्रेलर लागतो. हे सगळं मी करून देत असे, आणि माझ्या हातचं काही ढिलं निघालं असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. हा माझा गर्व होता, तो इथेच कबूल करतो.

तीनेक वर्षांपूर्वी शालिनीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर लघवीचा त्रास मागे लागला. दर अर्ध्या-पाऊण तासाने जावं लागायचं, आणि जावं लागलं की थांबता यायचं नाही. औषधं झाली, व्यायाम झाले, थोडा फरक पडला, पुरता पडला नाही. एकदा म्हापशाला लग्नाला जाताना आम्ही वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. तिथल्या संडासाच्या दाराला आतून कडीच नव्हती. मी बाहेर दार धरून उभा होतो, तरी एकाने घाईत ते माझ्या हातातून ओढलंच. शालिनी बाहेर आली ती तडक चालू लागली. जीपमध्ये बसली आणि म्हणाली, "घराक चला." त्या दिवसापासून तिने उंबरठा ओलांडणं सोडलं. आजाराचं कुणाला सांगायचं नाही अशी शपथ मला घातलेली, त्यामुळे नातेवाइकांना वाटलं, बाई मोठी झाली, आता कुणाकडे येत नाही. मला ते ऐकून घ्यावं लागायचं.

तिचं माहेर पेडण्यातलं कोरगाव. तिथल्या वाड्यावर सातेरीचं लहानसं देऊळ आहे. जत्रेच्या दिवशी लग्न होऊन गेलेल्या साऱ्या मुली देवीची ओटी भरायला येतात. शालिनीच्या दोन जत्रा चुकल्या. तिसऱ्या वर्षी भावाचा फोन आला तेव्हा ती काहीतरी सबब सांगत होती, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून रडली. मी ते पाहिलं. देवीला तिची गरज असेल-नसेल, हिला देवीची गरज आहे, एवढं मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "ह्या वर्षा तुका जत्रेक व्हरतंच. बघ तू."

आणि तिला न्यायचं म्हणून मी ट्रेलर करायला घेतला. चाकांवरची न्हाणीच म्हणा ना. रस्त्याच्या कडेला थांबायचं, एक खिट्टी ओढायची, की चार दांडे छत्रीसारखे वर उघडतील आणि चारी बाजूंनी कापड उतरेल. आत बसायला खुर्चीसारखं आसन, शंभर लिटरची टाकी, नळ, खाली जाड लोखंडी पत्र्याची जमीन. एका बाजूला चौकट आणि खरंखुरं दार. सगळ्यात आधी मी काय बसवलं असेल तर त्या दाराला आतून पितळी कडी. जुन्या कपाटाची होती, घासून सोन्यासारखी केली. शालिनी शेडच्या दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "तुमी गाडी करतास की घर बांधतास?" कापड तिनेच शिवायचं होतं. ती म्हणे, सुती घेऊया, हलकं पडेल. मी खाणीच्या ट्रकावरचं कॅनव्हास आणून तिच्यापुढे टाकलं. "वारो आयल्यार?" मी विचारलं. तिच्या मशीनच्या तीन सुया मोडल्या, पण तिने ते शिवलं. जिथे एक बोल्ट पुरला असता तिथे मी तीन मारले. खाणीवरची सवय ती, तिथे कुठलीही वस्तू दगडाशी झुंजायला म्हणूनच तयार होते. जोडलेल्या सांध्यांत मी केसाएवढीही फट ठेवली नाही. उघडताना आवाज यायचा तो मला फार आवडायचा.

जत्रेच्या दिवशी सकाळी आठला निघालो. हायवेवर गाड्या इतक्या की कडेला उभं राहून न्हाणी उघडायची सोय नाही, म्हणून साळावरून आतल्या रस्त्याने मोप्याच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळी पठारावर, चढायचं आणि तिथून कोरगावला उतरायचं असं मी ठरवलं होतं. शालिनीच्या मांडीवर ओटीची पिशवी होती. हिरवी साडी, खण, तांदूळ, नारळ. दोन वर्षांनी तिने मोगऱ्याचा गजरा माळला होता. साळाजवळ एका आडोशाला थांबून न्हाणी उघडली, ती झोकात उघडली. पण तिथे शेतात माणसं होती, म्हणून ही म्हणाली, आता गरज नाही, पुढे बघू. तेव्हा तिने पायही आत ठेवला नाही. मी मिटून ठेवली आणि शीळ घालत निघालो.

सड्याच्या चढणीच्या पायथ्याशी एका झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. येणारा-जाणारा तिथे नारळ नाहीतर विडी ठेवतो आणि मग वर चढतो. शालिनीने त्यासाठी वेगळा नारळ घेतला होता. म्हणाली, "हय जरा थांबया. राखणदाराक नारळ ठेवया."

मी म्हटलं, "ट्रेलर घेवन चडणीर थांबल्यार गाडी परत वर चडची ना. माझो राखणदार म्हणजे ब्रेक." तिने दगडाला गाडीतूनच नमस्कार केला. नारळ परत पिशवीत ठेवला.

दोन वळणं चढलो आणि तिसऱ्या वळणावर क्लच जळल्याचा वास आला. माझ्या जीपला तो ट्रेलर झेपत नव्हता, हे मला घरीच कळायला हवं होतं. गाडी थांबली, मग मागे सरकू लागली. मी ब्रेकवर उभाच राहिलो, तरी ट्रेलरचं एक चाक गटारात गेलं आणि तो कलंडून तसाच टेकला. उतरून चाकांना दगड लावले. दोघांनाही लागलं नव्हतं. पण शालिनी खाली उतरली आणि साडीचा पदर मुठीत धरून हळूच म्हणाली, "माका आता रवाक जमाचा ना." मी धावत जाऊन खिट्टी ओढली. खिट्टी हलेना. ट्रेलर तिरका झाल्यामुळे सगळा सांगाडा पिळवटून बसला होता. लोखंडाला थोडा खेळ, म्हणजे हलायला जागा, द्यावा लागतो, नाहीतर ते अडकतं, हे मी खाणीवर किती शिकाऊ पोरांना घोकून घोकून शिकवलं असेल. तो खेळच मी ठेवला नव्हता. मी हातोडा काढला आणि घाव घालू लागलो. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला उतार, आडोशाला एक झुडूप नाही. खालून एक टेम्पो येत होता. शालिनीचे डोळे भरले होते. मी हातोडा मारत होतो आणि मनात, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणत होतो, आई, माझं सोड, पण हिची लाज राख.

"काय करूलालासा ओ मामा? लोखंडाला मारून काय हुतंय?"

वर बघितलं. वळणाच्या वरच्या अंगाला कुठल्याशा कुंपणाच्या भिंतीचं काम चाललं होतं आणि तिथे कामगारांची पत्र्याची खोपटी होती. तिथून एक बाई खाली आली होती. पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातांना सिमेंट. तिने मला विचारलं खरं, पण उत्तराची वाट बघितली नाही. शालिनीकडे एकदा बघितलं आणि सगळं समजली. मागे वळून तिने हाक दिली, काय ते मला कळलं नाही, आणि स्वतःही चढण चढून गेली. लगेचच ती आणि दुसरी एक बाई डोक्यावर काहीतरी घेऊन उतरताना दिसल्या. ती त्यांची न्हाणी होती. चार बांबू, वर सुतळीने बांधलेल्या आडव्या काठ्या, आणि भोवती दोन जुन्या साड्या. ती त्यांनी उचलूनच आणली होती. शालिनीच्या भोवती ती अशी उभी केली की टेम्पो जवळून गेला आणि त्यातल्या माणसाला रस्त्याकडेची एक जुनी साडी तेवढी दिसली असेल. दोघी दोन बाजूंनी बांबू धरून, पाठी तिच्याकडे करून, उभ्या राहिल्या. मी माझ्या टाकीतून बाल्दीभर पाणी काढून दिलं. माझ्या दोन महिन्यांच्या कामातलं त्या वेळी उपयोगी पडलं ते तेवढंच.

शालिनी बाहेर आली. तिने त्या बाईचा सिमेंटने भरलेला हात दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली. मी हातोडा घेऊन दुसरीकडे बघत होतो, कारण माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. बाईचं नाव यल्लव्वा. खानापूरकडची. ती म्हणाली, "बाईला चढवत न्हाई म्हणून हितंच आणली बघा. त्यात काय एवढं?"

पुढचं सोपं होतं. खोपटीतल्या चार गड्यांनी ट्रेलर सोडवून, गटारातून काढून, ढकलत वर सपाटीवर नेला. मोकळी जीप वर चढली. मी यल्लव्वाला म्हटलं, ट्रेलर संध्याकाळपर्यंत इथे राहू दे, पण पुढच्या वाटेवर काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तिलाच सुचलं. तिने आपली न्हाणी जीपच्या छपरावर चढवायला लावली. "घिऊन जावा की. सांजच्याला आणून द्या. आमी तवर तुमच्या डब्यात आंघोळ करतो."

तर अशा थाटात आम्ही कोरगावच्या जत्रेला गेलो. वाटेत एकदा काजूच्या बागेपाशी थांबलो, मी बांबू धरून उभा राहिलो, आणि एका मिनिटात काम झालं. वाड्यावर पोचल्यावर मेव्हण्याने छपराकडे बघून विचारलं, "भावजी, ह्या काय हाडलास?" शालिनीने तिथेच अंगणात उभं राहून, सगळ्या माहेरवाशिणींसमोर, आपल्या दुखण्याची गोष्ट सांगून टाकली. दोन वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते तिने हसत सांगितलं. तिची वहिनी म्हणाली, "अगो, माका पण तसाच जाता." मग आणखी एकीने मान हलवली. दुपारी शालिनीने सातेरीची ओटी भरली. मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो, चपलांपाशी. मग उठलो. चपला तिथेच राहिल्या. आत, सातेरी म्हणून पुजतात त्या वारुळासमोर उभा राहिलो आणि मागायला काही आठवेना, म्हणून हात तेवढे जोडले.

परतताना शालिनीच्या पदरात देवीचा प्रसाद होता, नारळ आणि खण. सड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ट्रेलर सपाटीवर उभा होता आणि न्हाणी पूर्ण उघडलेली होती. सरळ जमिनीवर तिने काहीच त्रास दिला नव्हता. दार बंद होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि बाहेर तिघीजणी तांबे घेऊन रांगेत हसत उभ्या होत्या. यल्लव्वा म्हणाली, "मामा, दाराला कडी हाय आतनं!" तिने ते मला असं सांगितलं, जणू मला ठाऊकच नव्हतं. मग तिने सांगितलं की भिंतीचं काम सुरू झाल्यापासून त्या बायका उजाडायच्या आधी आंघोळ उरकत, आणि एक आत असताना दुसरीला राखण करत बसावं लागे. तिने ते दुःखाने नाही, सहजच सांगितलं. शालिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने यल्लव्वाच्या ओटीत देवीचा नारळ आणि खण घातला आणि मी ट्रेलरचा हूक जीपला लावलाच नाही. यल्लव्वा नको नको म्हणाली. मी म्हटलं, बदलीत तुमची न्हाणी आमच्याकडे राहिली, फिटलं.

उतरताना मी राखणदारापाशी गाडी थांबवली, कुणी सांगायच्या आधी. शालिनीने पिशवीतून तो नारळ काढून दिला. गाडीत परत बसताना मला राहवलं नाही. म्हटलं, "शालू, ती देवीच गो. सातेरीच आयिल्ली."

शालिनी हसली. "कसली देवी? यल्लव्वा ती. दोनूय गुडघे दुखतत तिचे. तिका देवी करू नकात. देवीन तिका धाडल्यान, तितक्या पुरे."

त्यानंतर शालिनी सगळीकडे जाते. बांबूंच्या जागी मी हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घातल्या, साड्या तिच्याच जुन्या, आणि सांध्यांत भरपूर खेळ ठेवला. जीपवाल्यांनाही आता मी तसंच करून देतो, आणि काम हातावेगळं झालं की हात जोडतो. यंदाच्या जत्रेला जाताना सड्यावर थांबलो. भिंत पुरी झाली होती, खोपटी नव्हती, ट्रेलरही नव्हता. पलीकडच्या चहावाल्याने सांगितलं, माणसं दुसऱ्या कामावर गेली, तो डबाही टेम्पोला जोडून नेला. कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. शालिनीला जरा वाईट वाटलं, तिने यल्लव्वासाठी साडी आणली होती.

मला वाईट वाटलं नाही. मी तो ट्रेलर शालिनीसाठी केला असं समजत होतो, आणि खरं तर तो कुणासाठी करवून घेतला जात होता ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तितका जीव लावून केलाही नसता. घासून सोन्यासारखी केलेली ती कडी शालिनीने एकदाही लावली नाही. पण आज या वेळी, कुठल्याशा सड्यावर, दिवसभर सिमेंट कालवून आलेली एक बाई आत जात असेल, दार ओढून घेत असेल, आणि कडी लावून निवांत अंगावर पाणी घेत असेल. आई सातेरी, माझ्या हातून एवढं झालं.