बिनचिठ्ठीचा माल

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास घरचा फोन वाजला आणि पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला, "पावणं, आक्काताई तुमच्यात कोण?" आमच्यात आक्काताई कुणी नाही, राँग नंबर, असं सांगून मी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. "ठिऊ नका हो! मलकापूर-कोल्हापूर गाडीचा कंडक्टर बोलतोय. ह्यो मोबाइल ज्येंचा हाय, त्ये बसल्या जागी गेल्यात. खिशात वळखपत्र न्हाय, नुसती एक चिठ्ठी हाय. तीवर आक्काताई लिवलंय. म्हटलं, घरातलंच कुणीतरी असंल. श्येवटचा नंबर तुमचा दिसला, म्हणून लावला..."

जन्मभर प्रत्येक वस्तूला नाव बांधत बसलेला माझा मित्र सुकुमार असा दुसऱ्याच कुणाच्या नावानं बांबवड्याच्या स्टँडवर उतरवला गेला. याला आता महिना होईल. शोकसभेत त्याला 'कोल्हापूरच्या संगणक क्षेत्राचा आधारवड' म्हणण्यात आलं. बोलणाऱ्या गृहस्थांनी त्याच्या हयातीत त्याचं नाव दोनदा चुकीचं छापलं होतं. त्या चिठ्ठीबद्दल सभेत कुणी बोललं नाही. त्यांना ती माहीत नव्हती. मला माहीत होती, आणि मीही बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सुकुमार हुपरीचा. घरात पैंजणांचं काम. नव्वदच्या आसपास आम्ही इंजिनिअरिंगला एकत्र होतो, तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. हुपरीत पैंजण एका घरात होत नाही. एक घर तार ओढतं, दुसरं कड्या जुळवतं, तिसरं डाग लावतं म्हणजे सांधे जोडतं, चौथं चमक आणतं. एवढ्या हातांतून फिरणाऱ्या प्रत्येक पुडीला त्याचे वडील, आप्पा, तारेनं एक चिठ्ठी बांधत. माल कुणाचा आणि चांदीचा टंच किती, म्हणजे ती किती शुद्ध, एवढंच तिच्यावर असे. ही चिठ्ठी भट्टीच्या तोंडापर्यंत सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता. मी गेलो त्या दिवशी एक तयार जोड चिठ्ठीविना परत आला होता. चार दिवसांवर लग्न होतं, आणि जोड कुणाचा हे सगळ्या गल्लीला नक्षीवरूनच कळत होतं. आप्पांनी तो उचलला आणि सरळ मुशीत टाकला. सुकुमारची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, दिसतंय की कुणाचं हाय त्ये!" आप्पा शांतपणे म्हणाले, "दिसतंय म्हणून धरायचं न्हाय. चिठ्ठी न्हाय म्हंजे माल न्हाय." मला तो हटवादीपणा वाटला होता. अजूनही थोडा वाटतो... पण आता कमी.

पुढं आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका कापडदुकानाच्या वर ऑफिस थाटलं. प्रोग्रॅम तो लिहायचा. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं आणि स्क्रीन सुबक दिसणं ही माझी खाती. शहरातल्या एका रक्तपेढीचं काम आम्हाला मिळालं. तिचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी विचारावं, मी देईन. त्या प्रोग्रॅमच्या गाभ्याशी दोन याद्या होत्या. एक तपासून निर्धोक ठरलेल्या रक्तपिशव्यांची, दुसरी अजून तपासायच्या पिशव्यांची. आम्ही जावा ही भाषा वापरत होतो, आणि तिच्या जुन्या आवृत्तीत यादी म्हणजे पोतं होतं. कुणीही काहीही भरावं. दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही नवी आवृत्ती घेतली. तिच्यात यादीवर लिहिता येऊ लागलं, की हिच्यात फक्त तपासलेल्या पिशव्या. दुसरं काही घालू गेलं, की आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथंच अडवायचा. मी पेढे आणले. सुकुमार दोन दिवस नवी आवृत्ती उलटसुलट तपासत बसला, तिसऱ्या दिवशी खुर्ची फिरवून म्हणाला, "लेका, ह्यो दारात चिठ्ठी वाचतोय आणि आत घेताना फाडून टाकतोय की!"

त्याचं खरं होतं. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून त्या भाषेच्या कर्त्यांनी तसं ठरवलं होतं. तपासणी सगळी आधी व्हायची. प्रोग्रॅम चालू झाला की याद्यांवरची अक्षरं पुसलेली. चालत्या प्रोग्रॅमला विचारावं, ही यादी कशाची, तर तो सांगणार, यादी आहे. मी म्हटलं, "दारात एकदा बघितल्यावर आत भीती कसली?"

"आणि खिडकीतनं आलेला माल?" तो म्हणाला. खिडकी म्हणजे डिस्क. संध्याकाळी याद्या डिस्कवर ठेवल्या जायच्या आणि सकाळी परत उचलल्या जायच्या, त्या दारातून येत नव्हत्या. त्याला प्रत्येक यादीला अशी एक चिठ्ठी बांधायची होती, जी प्रोग्रॅम चालू असताना टिकेल, डिस्कवर सोबत जाईल आणि परतही येईल. प्रत्येक वेळी वाचायची, नसली तर यादी घ्यायची नाही. सगळा प्रोग्रॅम उसवून शिवायला दोन महिने लागतील म्हणाला.

रक्तपेढीच्या संचालकांनी उद्घाटन तीन आठवड्यांवर ठरवलं होतं. मंत्री येणार होते, संगणकावर मखमली पडदा पडणार होता, कोनशिलेवर साहेबांचं नाव तीन ठिकाणी होतं. साहेबांना स्क्रीनही सुटसुटीत हवा होता. "पाहुण्यांना गर्दी दिसते हो," म्हणाले. रक्त लागणाऱ्या रुग्णाचा तालुका मी ठेवला, गावाचा रकाना काढून टाकला. आणि सुकुमारला म्हटलं, चिठ्ठ्या नंतर बांध. डिस्कवरून यादी उचलण्याच्या जागी कंपायलर रोज पिवळा इशारा देत होता, की ही यादी कशाची, याची खात्री मी देत नाही. इशारे गप्प करणारी एक ओळ असते. ती मी लिहिली, माझ्या हातानं. सुकुमार मागं उभा होता. "पुसलंस?" एवढंच म्हणाला.

उद्घाटन थाटात झालं. प्रोग्रॅमनं दोन महिने सरळ काम केलं, आणि मी सुकुमारला त्यावरून टोमणेही मारले. मग एका सकाळी, आदल्या दिवशी अर्धवट बंद केलेला संगणक उघडल्यावर, तपासायच्या पिशव्यांची यादी तपासलेल्यांच्या जागी येऊन बसली. कुठंच काही अडकलं नाही. पावतीवर फक्त पिशवीचा नंबर आणि रक्तगट छापला जायचा, आणि ते दोन्ही कुठल्याही पिशवीला असतात. अकरा वाजता सुकुमार सहज तिथं गेला. ज्यांची तपासणीच झालेली नव्हती, अशा पिशव्या त्याला स्क्रीनवर निर्धोक म्हणून दिसल्या. त्यानं फोन करून मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा तो रक्ताच्या फ्रीजला पाठ लावून उभा होता, आणि साहेब लाल झाले होते.

"बाजूला व्हा. माझ्या लोकांना लेबलं वाचता येतात."

"कोण वाचतंय सायेब? सकाळधरनं सगळी स्क्रीनच वाचत्यात. तीन पिशव्या गेल्यात. आता सगळं परत तपासायचं."

"सगळं? बहुतेक तपासलेलंच आहे, दिसतंय की समोर!"

"दिसतंय म्हणून धरायचं न्हाय," सुकुमार म्हणाला. आप्पांचा आवाज त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

सगळं परत तपासलं गेलं, तो हललाच नाही म्हणून. बाहेर गेलेल्या तीन पिशव्यांचे नमुने ट्रेमध्ये होते. दोन स्वच्छ निघाले. तिसरा रक्तातून पसरणाऱ्या आजाराच्या तपासणीत संशयास्पद आला आणि फेरतपासणीला पुरेल इतका उरला नाही. अशा संशयातले कितीतरी नुसते संशयच निघतात, असं डॉक्टर सांगतात. निघतही असतील. ती पिशवी एका ओल्या बाळंतिणीला चढवली गेली होती. आमच्या सुटसुटीत स्क्रीनवर तिची नोंद होती: आक्काताई, तालुका शाहूवाडी. दवाखान्यात पत्ता होता तो नातेवाइकांच्या कोल्हापुरातल्या भाड्याच्या खोलीचा, आणि पंधरवड्यात ती खोलीही रिकामी झाली. साहेबांनी दवाखान्याला एक पत्र पाठवलं, उत्तर आलं, फाईल बंद झाली. आमच्याशी बोलताना ते म्हणाले, "आपल्या बाजूनं आपण कळवलं."

सुकुमारनं दोन महिन्यांचं काम पाच आठवड्यांत केलं. आजही त्या रक्तपेढीत सकाळी प्रोग्रॅम उघडला की तो प्रत्येक यादीला आधी विचारतो, तू कशाची? चिठ्ठी नसेल तर तिला घेत नाही. कामगार वैतागतात. मग सुकुमार आक्काताईला शोधायला रविवारी शाहूवाडीतल्या मलकापूरची गाडी धरू लागला. एक-दोन वाड्या, बाळंतपणं माहीत असणाऱ्या म्हाताऱ्या, अंगणवाडीच्या बाई. तालुक्यात वाड्या किती आणि आक्काताई किती, हे घरात बसून कळत नाही. मी दोनदा गेलो. एका दारात बाई हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "व्हय, मीच आक्काताई. काय झालंय?" सुकुमारनं बाळंतपणाचं विचारलं... ती वेगळी निघाली. तिला कधी रक्त चढवलंच नव्हतं. त्यानंतर मी रविवारी कामं काढू लागलो. तो मात्र जात राहिला, मला कधी बोलला नाही. दर रविवारी परतीच्या गाडीतून फक्त फोन करायचा, "आज न्हाय घावली." म्हणूनच शेवटचा नंबर माझा होता.

पंचगंगेवर सरण रचल्यावर त्याच्या बायकोनं, पद्मावहिनींनी, त्याच्या शर्टाच्या खिशातून ती चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही त्येंच्याबरूबर जाळायची न्हाय," म्हणाल्या. चिठ्ठी सुटली ती भट्टीच्या तोंडाशी, आप्पांच्या नियमाप्रमाणेच. जाड कागद, कोपऱ्यात तार ओवायचं भोक. पुढं नाव, पिशवीचा नंबर, रक्तगट. मागं बारीक अक्षरात वाड्या, बहुतेकांपुढं खूण. सतरा वाड्या राहिल्या आहेत.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाळंत झालेली, रक्त चढवलेली शाहूवाडीकडची आक्काताई माहीत असेल, तर या पुरवणीच्या पत्त्यावर कळवावं. तिनं तपासून घ्यायला हवं. मूल अंगावर प्यायलं असेल, त्याचंही. घाबरवायचं नाही. पण तिला माहीत नाही, हे त्याहून वाईट आहे.

मागच्या रविवारी मी गेलो. खिशातून पैसे काढताना चिठ्ठीही बाहेर आली. कंडक्टरनं ती ओळखली. तिकीट हातात ठेवून तो शेजारी टेकला आणि म्हणाला, "तवा इचारायचं ऱ्हायलं बघा. ही आक्काताई तुमची कोण?"

या वेळी ठेवून द्यायला हातात फोन नव्हता. बांबवडं येईपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं.